पांढऱ्यात हिरवं

चादरी शनिवारी संध्याकाळी परत आल्या आणि रविवारी सकाळी दहा वाजता आप्पांनी सगळ्यांना लाँड्रीत बोलावलं. लाँड्रीतलं भांडण घरात आणायचं नाही, हा आप्पांचा जुना नियम होता. घरातलं भांडण लाँड्रीत न्यायचं नाही, असाही एक नियम होता, पण तो आजवर कुणीच पाळला नव्हता, आणि सगळ्यात कमी खुद्द आप्पांनी.

मशीनं बंद होती. वहिनीने घडीच्या लांब टेबलाभोवती पाच स्टुलं मांडली, चहाचा थर्मास मधोमध ठेवला आणि परत उचलून टोकाला नेला, कारण मधोमध चादरी ठेवायच्या होत्या. एकूण ब्याऐंशी. हॉटेलातून आल्या तेव्हा पांढऱ्या होत्या, इथून गेल्या तेव्हा हिरवट. पोपटी म्हणाव्यात तर तेवढा रंगही नव्हता. सोबत मॅनेजरची चिठ्ठी होती: ‘आमच्याकडे लोक सुट्टी घालवायला येतात. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांना दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटू नये, एवढीच अपेक्षा आहे. सोमवारी सकाळी आपल्याकडून जबाबदार व्यक्तीने येऊन भेटावं, त्यानंतर काम पुढे द्यायचं की नाही ते ठरवू.’

चिठ्ठी वहिनीने तीनदा वाचली होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा वाचताना तिला बरं वाटलं होतं. हॉटेलचं काम गेलं तर अर्धी लाँड्री बसेल हे तिला कळत होतं. वीस वर्षं तीच तर फोन घेत होती, बिलं फाडत होती, कुणाच्या गादीला कुठल्या मापाची चादर लागते हे तिला तोंडपाठ होतं. तरीही बरं वाटलंच. आता कळेल आप्पांना, असं ती स्वतःशी म्हणाली. आता फळा वाचून हसा म्हणावं.

फळा लाँड्रीच्या दारातच होता. पंचवीसएक वर्षं त्यावर वहिनीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दादाच्या हाताने एकच गोष्ट लिहिली जायची: आज कुठलं गाठोडं कुठल्या मशीनला आणि कशानंतर काय. हॉटेल पांढरं, मग शाळेचे पडदे, हॉस्पिटलचं हिरवं सगळ्यात शेवटी आणि एकटं. तीन महिन्यांपूर्वी दादाचा धाकटा भाऊ बाळ घरी परत आला. वय चव्वेचाळीस, केस विरळ, पण घरात अजून बाळच. तो कंपन्यांमध्ये जाऊन भाषणं द्यायचा, खेळातून कामाचे धडे शिकवायचा. ज्या कंपनीने त्याला बारा वर्षं पोसलं तिने एक दिवस त्याचीच जागा रद्द केली. घरी आल्यावर चौथ्याच दिवशी त्याने खडू हातात घेतला. ‘रिले शर्यतीत सगळ्यात वेगवान माणूस हरत नाही, काठी हातातून सुटलेला हरतो.’ दुसऱ्या दिवशी: ‘सकाळी पायमोज्याचा जोड सापडला नाही. मग लक्षात आलं, मी दोन्ही वेगवेगळे शोधत होतो. माणसंही आपण अशीच शोधतो.’ इस्त्रीवाल्या बायका पदराने घाम पुसत वाचायच्या आणि हसायच्या. आप्पा खुर्ची दाराशी ओढून मोठ्याने वाचायचे. वहिनीची स्वतःची लेक ते विचार वहीत उतरवून घ्यायची. दादाची यादी फळ्यावरून उतरून त्याच्या खिशातल्या कागदावर गेली, आणि तो कागद दादा कुणाला दाखवायचा नाही.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं वहिनी ताईला फोनवर म्हणाली होती. ताई म्हणजे मधली नणंद, चष्म्याच्या दुकानाची मालकीण. ती हसून म्हणाली होती, ‘अगं, तो आला म्हणून आप्पा चार शब्द तरी बोलतात. एरवी दादा आणि आप्पा दोघं मिळून दिवसाला सहा वाक्यं बोलायचे, त्यातली चार गाठोड्यांबद्दल.’

आत्ता ताई सगळ्यात आधी येऊन पोचली, पर्स टेबलावर आपटली आणि एक चादर उचलून खिडकीशी घेऊन गेली.

“उजेडात चांगलीच दिसते की. पाठवताना कुणी पाहिलं नाही?”

“संध्याकाळ झाली होती,” वहिनी म्हणाली. “इथले दिवे पिवळे. त्यात सगळं पिवळंच दिसतं.”

“दादा कुठे होता?”

“चारलाच घरी आले. डोकं दुखतंय म्हणाले.”

हे बोलता बोलता वहिनी थांबली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. तापात, दातदुखीत, एकदा तर पाय प्लास्टरमध्ये असतानाही हा माणूस गाडी भरल्याशिवाय लाँड्रीतून हलला नव्हता. डोकं दुखतंय म्हणून तो घरी आल्याचं तिला आठवेना. तिने थर्मासचं झाकण उगाचच घट्ट केलं.

* * *

दादा आला तो मशीनच्या बाजूने. ओल्या बाजूला जाऊन, नळ नीट बंद आहेत का बघून, मग तो टेबलाशी आला. बाळ आधीच बसला होता, दाढी न करता. आप्पांनी त्यांची खुर्ची सोडली नाही. ती खुर्ची दोन्ही हॉलच्या मधल्या मोठ्या खिडकीशी होती, तिथून ओली बाजूही दिसायची आणि कोरडीही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्याकडे तेवढंच काम उरलं होतं, बघायचं. ते मात्र ते मन लावून करायचे.

“सुरू करा,” आप्पा म्हणाले. “बाळ, तूच सांग. काय झालं?”

बाळने घसा साफ केला. कंपन्यांमध्ये तो दोनशे माणसांसमोर बोलायचा. इथे चार माणसांसमोर हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

“गुरुवारी आपण जागा बदलल्या. ओल्या बाजूची माणसं इस्त्रीला, इस्त्रीची धुवायला. मी आप्पांना आधी विचारलं होतं. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस परत मिळाली की सहाही जण एकेक घर सरकतात. नेटजवळचा मागे येतो, मागचा पुढे जातो. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याच्या जागेवरची अडचण कळते. मला वाटलं—”

“व्हॉलीबॉलमध्ये चेंडूचा रंग जात नाही,” वहिनी म्हणाली.

ताईला हसू आलं, ते तिने चष्मा पुसण्यात लपवलं.

“वहिनी, माझी चूक आहे, मी नाही कुठे म्हणतोय?” बाळ म्हणाला. “हॉस्पिटलचा एक नवा हिरवा कपडा हॉटेलच्या गाठोड्यात गेला. नवीन होता, रंग पक्का नव्हता. इस्त्रीच्या बायकांना काय माहीत, की नवं हिरवं आधी गार पाण्यात वेगळं काढतात?”

“मुकादम तर होता,” ताई म्हणाली.

“तो कोरड्या बाजूला होता. मी त्याला काल विचारलं, इस्त्री करताना रंग दिसला नाही का? तर म्हणतो, ‘मला इस्त्रीवाला केलंत ना, मग मी इस्त्री केली. रंग बघणं धुणाऱ्याचं काम.’ वीस वर्षं धुतोय तो.”

“फुगलाय,” आप्पा म्हणाले. “फुगणारच. जागा काढून घेतली की माणूस फुगतो.”

हे वाक्य आप्पांनी सहज टाकलं, पण दादाला ते नेमकं लागलं. त्याने एक चादर पुढे ओढली, दोन कोपरे जुळवले आणि सवयीने घडी घालायला घेतली. एकट्याने चादरीची घडी नीट पडत नाही. समोर दुसरा लागतो.

लहानपणी शाळेच्या संघातही असंच होतं. दादा चेंडू उठवायचा, बाळ उडी मारून तो पलीकडे हाणायचा. जिल्ह्याच्या सामन्यानंतर पेपरात फोटो आला होता, हवेत झेपावलेला बाळ आणि फोटोच्या कडेला कुणाची तरी दोन मनगटं. ती मनगटं दादाची. आप्पांनी तो फोटो चौकट करून ऑफिसात लावला आणि पाहुण्यांना दाखवताना ते म्हणत, हा आमचा बाळ. त्यात खोटं काहीच नव्हतं. मोठेपणी बाळने त्याच फोटोवर भाषण रचलं: ‘चेंडू उठवणाऱ्याचं नाव गुणफलकावर येत नाही, पण त्याच्याशिवाय गुण येत नाही. माझा मोठा भाऊ असा होता.’ बारा कंपन्यांमध्ये त्यावर टाळ्या पडल्या होत्या. मागच्या महिन्यात लाँड्रीतही पडल्या. इस्त्रीवाल्या बायकांनी दादाकडे वळून कौतुकाने पाहिलं, आणि दादाला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं तो गप्प राहिला, त्याच्याही टाळ्या बाळलाच मिळाल्या.

“दादा, तू काही म्हण,” बाळ म्हणाला.

“मी काय म्हणू? उंटावरून शेळ्या हाकायच्या तर शेळ्या अशाच जाणार.”

“मी उंटावर नव्हतो. दिवसभर मशीनशी उभा होतो.”

“उभा राहून काय केलंस?”

“बघत होतो. मला बघून काही कळत नाही, हे तुलाही माहीत आहे.” बाळचा आवाज थोडा चढला. “तू चादरीवर नुसता हात फिरवून सांगतोस, ही कुठल्या हॉटेलची. मला तीन महिने झाले, मला अजून उलटी-सुलटी कळत नाही. मी तुला दोनदा म्हणालो, मला शिकव. तू म्हणालास, आधी फळ्यावरचं संपव.”

“चुकीचं म्हणालो?”

“नाही. पण शिकवलं असतंस तर मी फळा सोडला असता.”

ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. सकाळी घरून निघताना तिने ठरवलं होतं की बाळला झापायचं. आता तिला वाटलं, झापायला इथे बरीच जणं आहेत.

बाळला जे म्हणायचं होतं ते अजून पूर्ण झालं नव्हतं, पण ते टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं. या घरात तो पाहुणा होता. वहिनी दादाला चहा पेल्यात द्यायची, त्याला कपबशीत. पेला म्हणजे घरचा माणूस, हे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. आप्पा त्याच्या विचारांवर हसायचे, पण बॉयलर फुसफुसला की ‘दादा’ म्हणूनच हाक मारायचे. कौतुक धाकट्याचं आणि काम पडलं की थोरला. बाळला लोक हेवा वाटण्यासारखा माणूस समजत, आणि तो मात्र रोज सकाळी मोठ्या भावाच्या हाताकडे बघत खडू झिजवत असे.

* * *

“मुद्द्यावर या,” आप्पा म्हणाले. “उद्या हॉटेलात कुणाला पाठवायचं, आणि ही लाँड्री यापुढे कुणी बघायची. दोन्ही आज ठरवायचं. मी दमलो.”

वहिनीचा हात थर्मासवरच थबकला. हे ऐकण्यासाठी ती किती वर्षं थांबली होती ते तिचं तिलाच ठाऊक. दादाने चादरीची घडी अर्धवट सोडली. अठरा वर्षं तो ही लाँड्री चालवत होता, आणि अठरा वर्षं दारावर, बिलावर, बँकेत, सगळीकडे मालक आप्पाच. दादाला पाटी नको होती. त्याला आप्पांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, चार माणसांत बोललेलं. बाळ आल्यापासून तर त्याला वाटू लागलं होतं की ते वाक्य तयार आहे, फक्त ते दुसऱ्याच्या नावाने आहे.

“त्याआधी मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे,” आप्पा म्हणाले. “बाळला रंग दिसला नाही, मान्य. इस्त्रीच्या बायकांना कळलं नाही, मान्य. दादा, गुरुवारी अकरा-सव्वाअकराला तू ओल्या बाजूला होतास.”

“होतो. नळाचा वायसर बदलत होतो.”

“नळ मोठ्या मशीनसमोर आहे.”

“हो.”

“त्या मशीनच्या दाराला एवढी मोठी गोल काच आहे.”

दादाने मान हलवली.

“तुला दिसलं नाही?”

दादाच्या डोळ्यासमोर ते जसंच्या तसं आलं. पांढऱ्यातून एक हिरवा कोपरा काचेवर आपटला, वर गेला, नाहीसा झाला, परत आला. पाणी अजून गार होतं. गरम पाणी सुटायला चार मिनिटं तरी बाकी होती. बटण हाताच्या अंतरावर होतं. पलीकडे बाळ बायकांना सांगत होता, ‘घाबरू नका, चुकलात तरी चालेल, सरावाच्या सामन्यात गुण धरत नाहीत.’ बायका हसत होत्या. दादाने पक्कड पिशवीत टाकली, हात पुसले आणि तो चहा प्यायला निघून गेला. बाहेर पडताना त्याला वाटलं होतं तेवढं बरं त्यानंतर एकदाही वाटलं नव्हतं.

“नाही दिसलं,” तो म्हणाला. “डोळे हल्ली थोडे—”

“काहीतरीच काय,” ताई लगेच म्हणाली. ती त्याची बाजू घेत होती, निदान तिला तसंच वाटत होतं. “आप्पा, तुम्ही त्याला उगाच धारेवर धरू नका. आणि दादा, तू पण डोळ्यांवर ढकलू नकोस. दोन महिन्यांपूर्वी मीच तपासलेत. वाचायचा चष्मा लागतो तेवढाच, लांबचं तुला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. रंग ओळखायच्या पुस्तकातली पानं तर एका दमात वाचलीस तू. मीच म्हणाले ना, या वयात असे डोळे—”

ती बोलता बोलता थांबली. वहिनी तिच्याकडे बघत होती. मग वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या मनात गुरुवारपासून जे नुसतं खुपत होतं ते आता सरळ समोर उभं राहिलं. डोकं दुखत नव्हतं. पिवळ्या दिव्याखाली त्या चादरींच्या घड्या बघायची ह्या माणसाला हिंमत झाली नव्हती.

“अहो,” ती हळूच म्हणाली. एवढंच.

दादाच्या हातात अजून ती अर्धी घडी होती. दिसलं नाही म्हणावं, तर अठरा वर्षं ज्या एका गोष्टीच्या जोरावर तो हक्क सांगत होता ती गोष्टच खोटी. पांढऱ्यात हिरवं ज्याला दिसत नाही त्याने लाँड्री काय चालवायची? आणि दिसलं म्हणावं, तर मग काय चालवायची?

“दिसलं,” तो म्हणाला. “पाणी गार होतं तेव्हाच दिसलं. बटण दाबलं असतं तर एकही चादर गेली नसती. मी बोललो नाही.”

“का?” बाळने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

“तुझं तोंड बघायचं होतं. चुकल्यावर कसं होतं ते.” दादा त्याच्याकडे न बघता बोलला. “तुला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं. फळा घेतलास, माणसं घेतलीस, माझी पोरगी तुझ्यासारखं लिहायला लागली. मी म्हटलं, एकदा पडू दे. मला जळायचा कंटाळा आला होता, बाळ. पण सुटतही नव्हतं.”

ताई उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. “शाबास. म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. ब्याऐंशी चादरी घालवल्यास. बोलायचं होतं की रे घरी, ताटं आपटायची होतीस.”

“ताई, राहू दे,” वहिनी म्हणाली.

“का राहू दे? तुला माहीत होतं?”

“नाही. पण मी असते तर मीही बोलले नसते.” वहिनीने हे मान वर करून सांगितलं. “आता म्हणा मलाही काय म्हणायचं ते.”



* * *

आप्पा एवढा वेळ खिडकीतून बघत होते. खिडकीच्या एका काचेतून ओली बाजू दिसत होती, बंद मशीनांची गोल दारं रांगेने.

आज निकाल द्यायचा असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. दादाने कबूल केलं तर त्याला चार शब्द सुनवायचे आणि हॉटेलात बाळला घेऊन स्वतः जायचं. सत्तरी ओलांडल्यापासून स्वतः जाण्यासारखं एकही काम त्यांना कुणी ठेवलं नव्हतं. रजा मागायला माणसं त्यांच्याकडे यायची, ते हो म्हणायचे, आणि तीच माणसं जाऊन दादाला विचारायची, ‘घेऊ ना?’ फोन त्यांनी उचलला की पलीकडून विचारायचे, ‘दादा आहेत का?’ एकदा एक जुना हॉटेलवाला भेटला आणि त्याने ओळख करून दिली, ‘हे दादांचे वडील.’ आप्पा त्या दिवशी जेवले नव्हते. पोराने नाव काढावं असं कुठल्याही बापाला वाटतं, पण आपलं नाव पुसून काढावं असं वाटत नाही. बाळ आला, खडू घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी बसू लागला, आप्पा, हा शब्द बरोबर आहे का, असं विचारू लागला, तेव्हा त्यांना कितीतरी वर्षांनी आपण कुणाला तरी लागतो असं वाटलं. आणि दादाचा चेहरा पडलेला बघून त्यांना आणखी बरं वाटलं. हे त्यांना माहीत होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल बरंच माहीत असतं, अडचण सांगण्याची असते.

“दादा एकटा नव्हता,” आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मला पण दिसला तो कोपरा. इथून.” त्यांनी काचेवर बोट टेकवलं. “हिरवं फिरताना दिसलं आणि दादा समोर उभा असलेला दिसला. म्हटलं, बघू या हा काय करतो. हाक मारायला येतो की नाही. पूर्वी यायचा, ‘आप्पा, हे बघा’ म्हणून. तो पिशवी उचलून गेला. मग म्हटलं, जाऊ दे, ह्याला माझी गरज नाही तर मला तरी कुठे पडली आहे. माझ्या हाताशी माणसांना बोलवायची घंटा होती. मी वाजवली नाही.”

ताईने स्टूल ओढलं आणि ती बसली.

“काय सांगता, आप्पा,” दादा म्हणाला. “मी गेलो ते तुम्ही बघितलंत?”

“बघितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा एखादी चूक मला स्वतःला दिसली, आणि तीही तू मला सांगायला आला नाहीस.”

“तुम्हाला विचारायला आलो की तुम्ही म्हणायचात, तुझं तू बघ.”

“म्हणायचो. त्याचा अर्थ येऊ नकोस असा नव्हता.”

बाळ उभा राहिला. तो रडत नव्हता, पण चेहरा असा झाला होता की वहिनीने पटकन नजर फिरवली.

“म्हणजे दादाने बघितलं, आप्पांनी बघितलं, मुकादमाने तर हातात घेऊन बघितलं,” तो म्हणाला. “अख्ख्या लाँड्रीत ज्याला दिसलं नाही तो मी एकटाच. आणि तुम्ही सगळे मला पडताना बघत उभे राहिलात. मी तिकडे बारा वर्षं लोकांना सांगत फिरलो, की संघ म्हणजे घर. टाळ्या वाजवायचे हो लोक.”

“बाळ, बस,” आप्पा म्हणाले.

“कुठे बसू? मला सांगा, यात माझी जागा कुठली?”

वहिनी उठली. थर्मास उघडून तिने पहिला चहा पेल्यात ओतला आणि तो बाळच्या हातात दिला. “घ्या भावजी,” ती म्हणाली, “गार होईल.” यापेक्षा जास्त तिला जमलं नाही, आणि बाळने तो उभ्या उभ्याच घेतला.

“उद्या मी जातो हॉटेलात,” बाळ म्हणाला. “नोकरी नाही, भाषणं नाहीत, माफी मागायला मीच मोकळा आहे. चूक माझी होती असं सांगतो, तेवढंच खरं आहे.”

“तू नाही जायचंस,” आप्पा म्हणाले. “चिठ्ठीत जबाबदार माणूस म्हटलंय. मॅनेजरला मालक लागेल.”

“मग तुम्ही जा,” ताई म्हणाली.

“मी मालक नाही.” आप्पा खुर्चीतून उठायला लागले. दादाने सवयीने हात पुढे केला, आणि मग तो हात द्यावा की नाही या विचारात तसाच राहिला. आप्पा त्याच्या हाताला धरूनच उभे राहिले. “आजपासून मालक दादा. चौघांच्या समोर सांगतो. पाटी, बँक, काय ते उद्या दुपारनंतर करा. सकाळी आधी तिकडे जा.”

अठरा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते हेच होतं. चार माणसांत बोललेलं, त्याच्याच नावाने. वहिनीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण देवाला हात जोडू. तिचे हात झाकण लावत राहिले.

“आज नको, आप्पा,” दादा म्हणाला. त्याला मान वर करता येईना. “पुढच्या महिन्यात द्या. वर्षाने द्या. आज मी कुठल्या तोंडाने घेऊ?”

“मालकीचं पहिलं काम माफी मागायचं आहे. त्याला आजचंच तोंड लागतं.”

“आणि त्याने विचारलं, चूक कशी झाली, तर काय सांगू?”

आप्पा दाराकडे चालू लागले होते. थांबून ते म्हणाले, “ते मी कसं सांगू? आता तुझं तू बघ.”